खेकडा तेजोमेघाचा जमाखर्च

पौष-माघांतल्या रात्रीं जेवणें आटोपून अंगणांत यावें, तों माथ्यावर वृषभ रास आलेली असते. कृत्तिकांचा झुबका बहुतेकांच्या ओळखीचा आहे. त्याच्या पूर्वेस तांबूस रंगाची रोहिणी लागते. आणि तेथून आणखी पूर्वेकडे पाहत गेल्यास बैलाच्या दोन शिंगांचीं टोंकें दाखविणारे दोन तारे सांपडतात. त्यांपैकीं दक्षिणेकडील तारा बराच मंद आहे. पाश्चात्त्य ज्योतिषी त्यास झीटा टॉरी म्हणतात. या ताऱ्याच्या वायव्येस सुमारें एक अंशावर, म्हणजे चंद्राचीं दोन पूर्ण बिंबें शेजारीं शेजारीं ठेवलीं असतां जेवढें अंतर होईल तेवढ्यावर, नुसत्या डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. लहानशी दुर्बीण तिकडे वळविली तर मात्र, रात्र निरभ्र व काळोखी असल्यास, आरशावर सोडलेल्या श्वासाच्या वाफेसारखा एक पुसट डाग दिसतो.

प्रस्तुत लेख या डागाविषयीं आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस पदार्थविज्ञानांत आम्ही असें शिकवितों कीं, ऊर्जा नवी उत्पन्न होत नाहीं आणि असलेली नष्ट होत नाहीं. ती केवळ रूप पालटते. हा नियम पुष्कळ विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करितात आणि परीक्षेबरोबरच त्यास निरोप देतात. परंतु याच साध्या नियमाच्या बळावर एका अद्भुत वस्तूची चाहूल ती प्रत्यक्ष सांपडण्यापूर्वींच लागली, आणि ती सांपडल्यावर तिच्या हिशेबाची जुळणी पाहून जग थक्क झालें. ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

हा डाग प्रथम १७३१ सालीं जॉन बेव्हिस या इंग्रज वैद्यानें पाहिला. पुढें १७५८ सालीं पॅरिस येथील शार्ल मेस्ये हा धूमकेतूच्या शोधांत असतां त्यासहि तो दिसला. पण रात्रीमागून रात्री गेल्या तरी हा डाग जागचा हलेना. असल्या फसव्या डागांपायीं पुन्हां वेळ जाऊं नये म्हणून मेस्येनें त्यांची यादी केली आणि तींत याला पहिला क्रमांक दिला. ज्या यादीमुळें मेस्येचें नांव आज ज्योतिषांच्या तोंडीं आहे, ती यादी त्यानें टाळावयाच्या वस्तूंची म्हणून केली होती! नंतर आयर्लंडांतील लॉर्ड रॉस यांनीं आपल्या मोठ्या दुर्बिणींतून पाहून १८४४ सालीं याचें एक चित्र प्रसिद्ध केलें. त्या चित्रांत डागाला चोहों बाजूंनीं पाय फुटल्यासारखे दिसतात. म्हणून त्याचें खेकडा हें नांव रूढ झालें. येथें एक सूचना करून ठेवतों. या डागास कर्क तेजोमेघ असें म्हटल्यास तो कर्क राशींत असावा असा समज होतो. तो आहे वृषभ राशींत. म्हणून आम्ही त्यास सरळ खेकडा तेजोमेघच म्हणणार आहों.

आतां या तेजोमेघाची जन्मतिथि पाहूं. ती चिनी लोकांच्या दप्तरांत मिळते. सुंग घराण्याच्या राजवटींत दरबारचे ज्योतिषी रोज रात्रीं आकाशाची टेहळणी करीत व जें नवें दिसेल तें लिहून ठेवीत. आकाशांतील घडामोडी राज्याला शुभाशुभ असतात, या समजुतीनें हें काम चाले. समजूत चुकीची असली तरी नोंदी चोख होत्या. इ. स. १०५४ च्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस झीटा टॉरीच्या जवळ त्यांना एक नवा तारा दिसला. अशा ताऱ्यास ते 'पाहुणा तारा' म्हणत. हा पाहुणा इतका तेजस्वी होता कीं तेवीस दिवस तो भर दिवसां, सूर्य डोक्यावर असतां, दिसत होता. पुढें तो मंद होत होत १०५६ च्या एप्रिलांत दिसेनासा झाला. जपानांतील जुन्या लेखांतहि त्याचा उल्लेख आढळतो. चिनी नोंदींत हा तारा झीटा टॉरीच्या आग्नेयेस असल्याचें म्हटलें आहे, आणि आपला तेजोमेघ तर वायव्येस आहे. ही दिशेची विसंगति कशी आली यावर विद्वानांत पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु इतर पुरावा इतका भक्कम आहे कीं त्यापुढें लेखनिकाच्या एका शब्दास फारसें वजन देण्याचें कारण नाहीं, असें आम्हांस वाटतें.

तो इतर पुरावा असा. कांहीं वर्षांच्या अंतरानें घेतलेले या तेजोमेघाचे फोटो १९२१ सालीं अमेरिकेंत ताडून पाहिले, तेव्हां तो पसरत आहे असें आढळलें. फुगा किती वेगानें फुगत आहे हें कळलें म्हणजे तो फुंकावयास केव्हां आरंभ झाला हें त्रैराशिकानें काढतां येतें. एडविन हबल यांनीं १९२८ सालीं हिशेब करून सांगितलें कीं, हा तेजोमेघ सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं एका बिंदूपासून निघाला असावा. तेव्हां चिनी लोकांचा पाहुणा तारा आणि हा डाग हीं एकाच घटनेचीं दोन रूपें होत. तो तारा नवा नव्हताच. एक म्हातारा तारा फुटला होता, आणि त्याच्या ठिकऱ्या अजून धांवत आहेत. त्यांचा वेग सेकंदास सुमारें १५०० किलोमीटर आहे, आणि आज त्यांनीं व्यापलेला प्रदेश इतका मोठा आहे कीं तो ओलांडावयास प्रकाशासहि अकरा वर्षांच्या आसपास लागतील. तेजोमेघाचें आपल्यापासून अंतर सुमारें ६५०० प्रकाशवर्षें आहे. अर्थात् चिनी ज्योतिषांनीं १०५४ सालीं जो स्फोट पाहिला तो वास्तविक त्यापूर्वीं साडेसहा हजार वर्षें होऊन गेला होता!

पण हिशेब अधिक बारकाईनें केला तेव्हां त्यांत एक खोट निघाली. आजच्या वेगावरून मागें मोजीत गेलें असतां आरंभाचें वर्ष १०५४ येत नाहीं. तें सुमारें ११४० येतें. जन्माच्या नोंदीपेक्षां वय ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनीं कमी भरतें. याचा अर्थ काय? आगगाडी ठराविक वेळेच्या आधीं पोंचली तर वाटेंत तिचा वेग वाढला असला पाहिजे. त्याचप्रमाणें या ठिकऱ्यांचा वेग वाटेंत वाढला आहे. वास्तविक स्फोटानंतर तो कमी व्हावयास पाहिजे होता. म्हणजे आंतून कोणी तरी त्यांस सारखें पुढें ढकलीत आहे. कोण तें?

हें पहिलें कोडें. दुसरें याहून मोठें निघालें. खेकडा तेजोमेघाच्या प्रकाशांत दोन भाग आहेत. बाहेरच्या बाजूस तांबडे-हिरवे तंतू आहेत. त्यांच्या वर्णपटांत हायड्रोजन, ऑक्सिजन इत्यादि मूलद्रव्यांच्या ठळक रेषा दिसतात. पण त्यांच्या आंत निळसर, सपाट असा एक उजेड भरलेला आहे आणि त्याच्या वर्णपटांत एकहि रेषा नाहीं. तापलेल्या वायूचा प्रकाश असा नसतो. १९५३ सालीं श्क्लोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं, प्रकाशाच्या वेगाच्या अगदीं जवळ पोंचलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रांत गरगरत असतां जो उजेड टाकतात तोच हा. तसें असेल तर या प्रकाशलहरींचें कंपन सर्व दिशांनीं सारखें न होतां विशिष्ट दिशेंत अधिक झालें पाहिजे. यालाच प्रकाशाचें ध्रुवीकरण म्हणतात. पुढच्याच वर्षीं रशियांतील निरीक्षकांस तें ध्रुवीकरण आढळून आलें.

तर्क खरा ठरला, पण त्यामुळेंच अडचण वाढली. असा इलेक्ट्रॉन उजेड टाकतो तो आपल्या पदरची ऊर्जा खर्चून टाकतो. आणि जितका अधिक जोराचा उजेड तितका त्याचा निकाल लवकर. १९६३-६४ सालीं अग्निबाणांवर चढविलेल्या यंत्रांनीं असें दाखविलें कीं या तेजोमेघांतून क्ष-किरणहि मोठ्या प्रमाणावर निघत आहेत. क्ष-किरण टाकणारा इलेक्ट्रॉन थोड्याच वर्षांत निःसत्त्व होतो. मग १०५४ सालच्या स्फोटांत निघालेले इलेक्ट्रॉन आज कोठून शिल्लक असणार? सगळ्या प्रकारचे किरण मिळून हा तेजोमेघ आपल्या सूर्याच्या जवळ जवळ एक लाख पट ऊर्जा बाहेर टाकीत आहे. एखाद्या घरांतला मिळविता पुरुष नऊशें वर्षांपूर्वीं वारला असावा, दारांत पै येतांना दिसूं नये, आणि तरीहि रोज रात्रीं दिवाणखान्यांत लाख दिवे जळत असावे, तशांतला हा प्रकार झाला. ऊर्जा आकाशांतून पडत नाहीं, हा नियम खरा असेल तर त्या घरांत कोठें तरी पेटी पुरलेली आहे, हें निश्चित.

संशय एका जागीं अगोदरच गेला होता. तेजोमेघाच्या मध्याजवळ दोन मंद तारे आहेत. रुडोल्फ मिन्कोव्स्की यांनीं १९४२ सालीं त्यांतल्या नैर्ऋत्येकडील ताऱ्याचा वर्णपट तपासला, तों त्यांतहि रेषा नाहींत! स्फोटानंतर मागें राहिलेला अवशेष तो हाच असावा असें त्यांनीं व त्यांचे सहकारी वाल्टर बाडे यांनीं सुचविलें. याच बाडे यांनीं फ्रिट्झ झ्विकी यांच्यासह १९३४ सालीं, म्हणजे न्यूट्रॉनचा शोध लागून दोनच वर्षें झालीं असतां, एक धाडसी कल्पना मांडली होती: अशा प्रचंड स्फोटांत, ज्यास आपण अतिनवतारा म्हणतों त्यांत, साधा तारा मोडून निव्वळ न्यूट्रॉनांचा एक अतिशय लहान व घट्ट गोळा तयार होत असावा. कल्पना छान होती, परंतु असला वीस-पंचवीस किलोमीटरांचा गोळा इतक्या दूरवरून कोणास दिसावा? म्हणून तीस वर्षें ती बहुतेक कागदावरच राहिली. १९६७ सालच्या नोव्हेंबरांत फ्रँको पाचिनी या इटालियन शास्त्रज्ञानें लिहिलें कीं, असा गोळा प्रबल चुंबकासह वेगानें फिरत असेल तर तो सभोंवतालच्या तेजोमेघास ऊर्जा पुरवूं शकेल. पेटी कोठें असावी हें त्यानें सांगितलें. ती पाहिली मात्र कोणीं नव्हती.

आणि त्याच महिन्यांत केंब्रिज येथें एक विद्यार्थिनी एका कागदाच्या भेंडोळ्याकडे टक लावून पाहत होती.

तिचें नांव जोसेलिन बेल. उत्तर आयर्लंडांत १९४३ सालीं तिचा जन्म झाला. अकराव्या वर्षीं घेण्यांत येणाऱ्या निवड-परीक्षेंत ती नापास झाली होती. पुढें शाळेंत विज्ञानाचा तास लागला तेव्हां मुलांस प्रयोगशाळेंत व मुलींस स्वयंपाकाच्या वर्गांत पाठविण्यांत आलें. आईबापांनीं तक्रार केल्यावर तिला प्रयोगशाळेंत बसावयास मिळालें. केंब्रिजला प्राध्यापक अँटनी ह्यूइश यांच्या हाताखालीं ती संशोधन करूं लागली, तें काम म्हणजे आरंभीं शुद्ध मजुरी होती. साडेचार एकर जमिनींत खांब ठोकून, तारा ओढून, २०४८ शलाकांचा एक रेडिओ ग्राहक तिनें व इतरांनीं मिळून दोन वर्षांत उभा केला. १९६७ च्या जुलैपासून तो चालू झाला. आकाशांतून येणारे रेडिओ तरंग एका लेखणीच्या टोंकानें कागदाच्या पट्टीवर उमटत; रोज सुमारें शंभर फूट कागद निघे आणि तो सगळा ही मुलगी डोळ्यांनीं तपाशी.

एके दिवशीं तिला त्या पट्टीवर अर्ध्या इंचाएवढी एक खरखरीत ओळ दिसली. ती दूरच्या कोणत्याहि ज्ञात वस्तूची नव्हती, आणि मोटारीच्या किंवा विजेच्या यंत्राच्या खरखरीसारखीहि नव्हती. शंभरांतले नव्व्याण्णव लोक ती ओलांडून पुढें गेले असते. तिनें मागचे कागद काढून पाहिले, तों तीच ओळ आकाशाच्या त्याच जागेवरून पूर्वींहि आलेली! शिवाय ती रोज चोवीस तासांनीं न येतां तेवीस तास छप्पन्न मिनिटांनीं, म्हणजे ताऱ्यांच्या वेळापत्रकाप्रमाणें येई. पृथ्वीवरील माणसें सूर्याचें घड्याळ पाळतात. ताऱ्यांचें घड्याळ पाळणारी वस्तु ताऱ्यांतलीच असणार. मग कागदाची पट्टी जलद फिरवून ती ओळ विस्तारून पाहण्याचा उद्योग सुरू झाला. कित्येक दिवस कांहींच येईना. शेवटीं २८ नोव्हेंबर १९६७ रोजीं लेखणीनें ठोके दिले: एक, आणि सव्वा सेकंदाहून किंचित् अधिक वेळानें दुसरा, पुन्हां तितक्याच वेळानें तिसरा. अंतर १.३३७ सेकंद, त्यांत केसाचाहि फरक नाहीं. इतकें नियमित काम कोणी बुद्धिमान प्राणी करीत असतील काय, अशी थट्टेंत व थोडी गंभीरपणेंहि चर्चा झाली. पण डिसेंबरांत बेलनेंच आकाशाच्या अगदीं दुसऱ्या भागांत तसाच दुसरा ठोका शोधून काढला आणि ती शंका मिटली. फेब्रुवारी १९६८ मध्यें शोध प्रसिद्ध झाला व या वस्तूंस पल्सार हें नांव पडलें. मराठींत त्यांस स्पंदतारे म्हणतात.

या शोधाबद्दल १९७४ सालचें नोबेल पारितोषिक ह्यूइश यांस मिळालें. त्यांच्याबरोबर रेडिओ ज्योतिषांतील कार्याबद्दल मार्टिन राइल यांचाहि गौरव झाला. बेलचें नांव त्यांत नव्हतें. आमच्या मतें तो अन्याय होता. पुढें २०१८ सालीं त्यांस तीस लक्ष डॉलरांचें एक दुसरें पारितोषिक मिळालें. ती सर्व रक्कम त्यांनीं पदार्थविज्ञान शिकूं इच्छिणाऱ्या, पण ज्यांस सहसा वाव मिळत नाहीं अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांकरितां देऊन टाकली.

असो. ठोके देणारी वस्तु कोणती, हा प्रश्न अजून राहिलाच होता. ती फिरत असावी आणि दीपगृहाचा झोत जसा प्रत्येक फेरींत एकदां आपल्या डोळ्यांवर येतो तसा तिचा झोत आपल्यावर येत असावा, असें टॉमस गोल्ड यांनीं सांगितलें. पण फिरणारी वस्तु कोणती, श्वेतखुजा कीं न्यूट्रॉन तारा? श्वेतखुजा म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा मरणोत्तर अवशेष. वजन सूर्याएवढें, आकार पृथ्वीएवढा. न्यूट्रॉन तारा त्याहून कितीतरी लहान. निकाल १९६८ सालच्या अखेरीस लागला. त्या वर्षीं ऑस्ट्रेलियांतील ज्योतिषांस नौका तारकासमूहांत, एका जुन्या अतिनवताऱ्याच्या अवशेषांत, सेकंदास अकरा ठोके देणारा पल्सार सांपडला. आणि जवळ जवळ त्याच सुमारास अमेरिकेंतील ग्रीन बँक येथील निरीक्षकांस खेकडा तेजोमेघाच्या दिशेनेंहि ठोके ऐकूं आले. पोर्टो रिको बेटावरील आरेसिबोच्या हजार फुटी दुर्बिणीनें (ती २०२० सालीं कोसळली) त्यांचें आवर्तन मोजलें. तें निघालें सेकंदाचा तेहतीस सहस्रांश भाग. म्हणजे ही वस्तु एका सेकंदांत तीस गिरक्या घेते!

विद्यार्थ्यांनीं येथें पेन्सिल हातीं घ्यावी. पृथ्वीचा घेर सुमारें ४०,००० किलोमीटर आहे. पृथ्वीएवढा श्वेतखुजा सेकंदांत तीस वेळां फिरूं लागला तर त्याच्या विषुववृत्तावरील कण सेकंदास बारा लक्ष किलोमीटर धांवेल. प्रकाशाचा वेग तीन लक्ष. जें कोणालाच शक्य नाहीं त्याच्या चौपट तें झालें. आणि तेथवर पोंचण्याच्या कितीतरी आधींच तो तारा चिखल लागलेल्या चाकासारखा भोंवतालीं उडून गेला असता. आतां वीस किलोमीटर व्यासाचा गोळा घ्या. घेर सुमारें ६३ किलोमीटर. तीस गिरक्यांस वेग १,९०० किलोमीटरांच्या जवळपास. असला गोळा आपल्या गुरुत्वाकर्षणानें सहज एकत्र राहूं शकतो. चार ओळींच्या अंकगणितानें श्वेतखुजा बाद झाला.

पुढील जानेवारींत, म्हणजे १९६९ सालीं, ॲरिझोनांतील कॉक, डिस्ने व टेलर या तिघांनीं साध्या छत्तीस इंची दुर्बिणीस जलद मोजणी करणारें यंत्र जोडून मिन्कोव्स्कीच्या त्या ताऱ्याच्या दिशेनें पाहिलें. यंत्राच्या पडद्यावर हळूहळू एक टेंकडी उभी राहूं लागली. तारा रेडिओ तरंगांच्याच तालावर प्रकाशानेंहि लुकलुकत होता. शेजारीं ध्वनिमुद्रणाचें यंत्र चुकून चालू राहिलें होतें, त्यामुळें त्या वेळचे त्यांचे हर्षोद्गारहि जपले गेले आहेत. ज्या ताऱ्याचे फोटो कैक वर्षें घेतले जात होते तो सेकंदाला तीस वेळां पेटत व विझत होता. आपला डोळा व फोटोची कांच दोन्ही मंद, म्हणून कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

आतां मूळ हिशेबाकडे येऊं. गोल्ड यांचें म्हणणें होतें कीं हा गोळा आपली ऊर्जा बाहेर देत असेल तर तो भोंवऱ्याप्रमाणें मंद होत गेला पाहिजे. मोजून पाहिलें, तो खरोखरच मंद होत आहे. एका गिरकीस लागणारा वेळ दररोज सेकंदाच्या अब्जांश भागांपैकीं सुमारें छत्तीस भागांनीं वाढतो. एवढ्याशा वाढीनें काय होणार, असें वाटेल. परंतु १९६८ सालीं जें आवर्तन ३३.१ सहस्रांश सेकंद होतें तें आतां ३३.८ च्या वर गेलें आहे. सूर्याहून अधिक वजनाची वस्तु सेकंदांत तीस वेळां फिरत असतां तिचा वेग इतकासा कमी झाला तर किती ऊर्जा मोकळी होईल, याचा हिशेब मांडला. उत्तर आलें: सूर्याच्या सुमारें एक लाख पट. तेजोमेघाचा खर्चहि तेवढाच. नऊशें वर्षें दिवे जळत होते ते या एका भोंवऱ्याच्या बळावर. आणि ठिकऱ्यांस आंतून ढकलणारा हात तोहि हाच. दोन्ही कोडीं एकदम सुटलीं. पाचिनीनें दाखविलेल्या जागीं पेटी निघाली आणि तींतली शिल्लक वहीशीं जुळली. मंद होण्याच्या गतीवरून या गोळ्याचें वय काढलें तर तें साडेबाराशें वर्षांच्या आसपास येतें, खरें वय त्याहून कमी आहे. मंदावण्याचा नियम आपण समजतों तितका सरळ नसावा, असा याचा अर्थ आहे. इतका फरक मोकळेपणीं सांगणें बरें. पुस्तकांतलीं उदाहरणें सुटतात तशीं निसर्गाचीं सुटत नाहींत.

हा गोळा इतका वेगानें कां फिरतो? फिरत्या स्टुलावर बसून, दोन्ही हातांत विटा घेऊन हात पसरावे, कोणाकडून एक गिरकी देववावी आणि मग हात एकदम छातीशीं घ्यावे. स्टूल आपोआप जोरानें फिरूं लागतें. ताऱ्याचेंहि असेंच होतें. सूर्याच्या आठ-दहा पटींहून मोठ्या ताऱ्यांत जळण संपत आलें म्हणजे बहुधा मध्यें लोखंडाचा गाभा जमतो. लोखंडाचे अणु एकमेकांत मिळवून ऊर्जा निघत नाहीं, तेव्हां ही चूल येथें विझते. गाभ्याचें वजन सूर्याच्या सुमारें १.४ पटींवर गेलें कीं त्यास आपला भार सोसवत नाहीं. ही जी मर्यादा, तिचा उगम एका हिंदी तरुणाच्या गणितांत आहे. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हे १९३० सालीं मुंबईहून बोटीनें इंग्लंडला निघाले तेव्हां एकोणीस वर्षांचे होते. त्या प्रवासांतच त्यांनीं या गणिताला हात घातला. त्यांस १९८३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मर्यादा ओलांडली कीं पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आंत कोसळून वीस-पंचवीस किलोमीटरांचा होतो. इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत दाबले जाऊन न्यूट्रॉन बनतात. आकार आखडल्यामुळें गिरकी वाढते, चुंबकत्वहि त्याच रीतीनें कमालीचें दाट होतें. त्या द्रव्याचा एक घन सेंटिमीटर तुकडा दहा कोटी टनांहून अधिक भरेल. बाहेरचे थर मात्र उधळले जातात, आणि तोच आपला तेजोमेघ.

प्रत्येक अवशेषांत पल्सार सांपडेल असें मात्र समजूं नये. टायको ब्राहे यानें १५७२ सालीं व केप्लर यानें १६०४ सालीं पाहिलेल्या ताऱ्यांच्या जागीं तो नाहीं. तेथें श्वेतखुजा फुटून निःशेष झाला. शर्मिष्ठेंतील एका प्रसिद्ध अवशेषाच्या मध्यभागीं १९९९ सालीं, चंद्रशेखरांचेंच नांव दिलेल्या चंद्रा वेधशाळेस, एक तेजस्वी बिंदु दिसला, पण तो ठोके देत नाहीं. कित्येकांचा झोत आपल्या अंगावरून जातच नाहीं. उलट बहुसंख्य पल्सारांभोंवतीं तेजोमेघ दिसत नाहीं. कारण ठिकऱ्या कांहीं दहा हजार वर्षांत विरून जातात, आणि भोंवरा लक्षावधि वर्षें फिरत राहतो. १९८७ सालच्या फेब्रुवारींत दक्षिण आकाशांतील मोठ्या मॅजेलन मेघांत एक अतिनवतारा दिसला, तेव्हां गाभा कोसळतांना निघालेले न्यूट्रिनो नांवाचे कण जपान, अमेरिका व रशिया येथील भूमिगत यंत्रांत पकडले गेले; सगळे मिळून जेमतेम दोन डझन. बाडे व झ्विकी यांच्या कल्पनेला त्याहून थेट पुरावा कोणता असावा? मागें राहिलेला गोळा मात्र धुळींत दडलेला होता. जेम्स वेब दुर्बिणीनें त्याच्या किरणांची खूण दाखविली ती २०२४ सालीं.

आपल्या देशाचाहि या अभ्यासांत हात आहे. २०१५ सालीं श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या व पुण्याच्या आयुका संस्थेच्या शास्त्रज्ञांचें साह्य लाभलेलें एक यंत्र होतें. त्यानें खेकडा पल्सारच्या क्ष-किरणांचें ध्रुवीकरण मोजलें व तें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. आणि पुण्याच्या उत्तरेस, जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून बारीक तारांच्या जाळीचा आहे, म्हणून वारा त्यांतून निघून जातो आणि खर्चहि कमी झाला. पल्सारांचे ठोके ऐकण्यास ही दुर्बीण फार सोईची आहे. तिच्या मोजणीचा उपयोग २०२३ सालीं गुरुत्वतरंगांच्या शोधांतहि झाला. फेब्रुवारीच्या २८ तारखेच्या सुमारास, विज्ञानदिनानिमित्त, तेथें प्रदर्शन भरतें व शाळांचीं मुलें पाहावयास जातात. ज्यांस जाणें साधेल त्यांनीं तेथील माणसांस पल्सारचा ठोका ऐकविण्याची विनंति करावी. रेडिओ तरंगांचें आवाजांत रूपांतर केलें कीं नौकेंतला पल्सार जलद वाजणाऱ्या ताशासारखा ऐकूं येतो. खेकड्यांतल्याचे ठोके मात्र इतके जवळजवळ येतात कीं ते वेगळे न राहतां त्यांचा एक खर्जांतला सूर बनतो.